ऑर्विल पडला तो रविवार

४ मार्च

डेल्बर्ट,

नावाच्या आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. कागद फुकट घालवायचा नाही म्हणून तोच वापरते आहे. खोडलेलं दिसलं तर दिसू दे.

तू कसा आहेस ते विचारत नाही. ओहायोहून येणारा प्रत्येक जण आपणहून सांगतो की तू मजेत आहेस, तुझ्या नव्या चर्चला गालिचा आहे, गाणाऱ्यांना एकसारखे झगे आहेत. बहीण म्हणून माझी छाती अभिमानाने फुगावी अशी त्यांची अपेक्षा असते. मला शिसारी येते.

कामाचं बोलते. ऑर्विलचा अपंग-भत्त्याचा अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर झाला. लाकडाच्या गिरणीत ओंडका डोक्यात बसला तेव्हापासून त्याला फेफरं येतं, हे त्यांना मान्य आहे. पण दवाखान्याच्या कागदांत मागच्या वसंतातल्या एका पानावर डॉक्टरने लिहून ठेवलंय की रुग्ण म्हणतो आपण पूर्ण बरे झालो, औषधं त्याने स्वतःहून बंद केली. आता ज्याने औषधं फेकली त्याला सरकार कशाला पोसेल? नियम सरळ आहे. औषधं नेमाने घेऊनही फिट येत असेल तर भत्ता, नाहीतर नाही. नियमावर माझा राग नाही.

ती औषधं फेकायला कुणी लावली हे मात्र त्या पानावर नाही. तू तेव्हा इथला पास्टर होतास. वेदीपुढे त्याच्या कपाळाला तेल लावलंस, त्याचं डोकं दोन्ही हातांत दाबून ओरडलास आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणालास, "ब्रदर ऑर्विल, प्रभूने काम केलंय. आता तोंडातून शंका काढलीस तर मिळालेलं हातचं जाईल." ऑर्विल साधा माणूस. घरी येऊन त्याने गोळ्यांची बाटली चुलीत रिकामी केली आणि दवाखान्यात जाऊन छाती पुढे काढून सांगितलं, मी बरा झालो. डॉक्टरने ऐकलं ते लिहिलं. महिना व्हायच्या आत ऑर्विल त्याच चुलीवर पडला. त्याचा हात कसा झालाय ते तू पाहिलंस.

त्यानंतर त्याने औषधं परत सुरू केली आणि आजतागायत एक गोळी चुकवलेली नाही. हे मी सांगते, पण मी पडले बायको. आमच्या वकीलबाई, मिस होल्ब्रुक, म्हणतात, "नेपिअरबाई, मला पटतं हो तुमचं. पण न्यायाधीश म्हणणार, बायको दुसरं काय सांगेल? औषधं चालू असताना आलेली फिट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाहेरचं कुणीतरी आणा."

बाहेरचं कुणीतरी म्हणजे इथे अख्खी मंडळी आहे. वर्षाच्या जेवणाचा तो रविवार आठव. पांगलेली सगळी माणसं गावी आली होती, बाहेर झाडाखाली टेबलांवर तळलेली कोंबडी, घेवडा आणि सफरचंदाचे केक झाकून ठेवले होते, आणि आत ऑर्विल देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला उभा राहिला तो वेदीसमोर आडवा झाला. सकाळी माझ्यासमोर गोळी घेऊन निघाला होता तो. सगळ्यांनी पाहिलं. आणि तू दोन्ही हात वर करून म्हणालास, "पवित्र आत्मा उतरलाय, कुणी शिवू नका त्याला." माझा नवरा जमिनीवर निळा पडत होता आणि माझ्याभोवती लोक खंजिऱ्या वाजवत होते. मी पुढे जाऊ नये म्हणून दोघींनी माझे दंड धरून ठेवले.

तुला ते फेफरं ओळखता आलं नाही, असं निदान मला तरी सांगू नकोस. आपल्या बहिणीला, नेलला, ते लहानपणापासून यायचं. मी घाबरून ओट्याखाली लपायचे आणि तिच्या डोक्याखाली उशी तू सरकवायचास.

सुनावणीला ये आणि जे पाहिलंस ते सांग. भत्ता मंजूर झाला की औषधं फुकट मिळण्याचं कार्ड मिळतं. दवाखान्याने धर्मादाय दिलेल्या गोळ्या उन्हाळ्यापर्यंत पुरतील. त्यानंतर ऑर्विलने काय खायचं ते तुझ्या प्रभूला विचार.

वर्ना


२७ मार्च

डेल्बर्ट,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं, आला बाबा निरोप एकदाचा. आत फडक्याचा तुकडा. कडेने नागमोडी कापलेला, तेलाचा वास येणारा, आणि सोबत छापील चिठ्ठी: "आजाऱ्याच्या उशीखाली ठेवा आणि विश्वास धरा." छापील. म्हणजे असे तू गठ्ठ्याने पाठवत असणार. मी साक्षीदार मागितला आणि तू चिंधी पाठवलीस.

मी तिने बिडाचा तवा पुसला. तेल आधीच लावलेलं होतं, तवा छान निघाला.

तुझ्यावर विसंबून बसले नाही. मिस होल्ब्रुकना गाडीत घालून इडा मेकडे गेले. पहिल्या बाकावर बसणारी बाई, त्या दिवशी ऑर्विल तिच्या पायांशीच पडला होता. तिने आम्हाला मक्याचा पाव आणि ताक दिलं, बसवलं, आणि म्हणाली, "विचारा काय विचारायचं ते. मी खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "इडा मे, त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

"सामर्थ्य पाहिलं. ब्रदर ऑर्विलवर आत्मा उतरला, तो थरथरला आणि पडला."

"त्याची पँट ओली झाली होती."

"आत्मा आला की देह आपल्या ताब्यात असतो का, सिस्टर? माझी नाचताना कवळी उडून तिसऱ्या बाकावर गेली होती. मी लाजले नाही."

"त्याचे ओठ निळे पडले होते."

"स्वर्गाचा रंग कोणता असतो?" असं तिने मला उलट विचारलं, डेल्बर्ट. मिस होल्ब्रुकनी वही मिटली.

निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझा थोरला पाठीचा भत्ता घेतो तेव्हा तू कचेरीत जाऊन सांगून आलीस ना, की त्याला वाकता येत नाही म्हणून?"

"त्याचं वेगळं," ती म्हणाली. "त्याच्या पाठीवर अजून कुणी तेल लावून हात ठेवलेला नाही."

आणखी तिघांकडे गेलो. सगळीकडे तेच. सगळे यायला तयार आहेत, सगळे शपथेवर सांगायला तयार आहेत, आणि सगळे हेच सांगणार की ऑर्विल नेपिअर प्रभूच्या सामर्थ्याने पडला. गाडीत बसल्यावर मिस होल्ब्रुक म्हणाल्या, "इतके साक्षीदार असून एकही साक्षीदार नसलेला खटला मी पहिल्यांदाच पाहते आहे." लेक्सिंग्टन शहरातल्या बाई त्या, हसू दाबत होत्या. मला त्यांचाही वीट आला आणि आपल्या माणसांचाही. ही अशी माणसं तू तयार करून ठेवलीस आणि गेलास गालिच्यावर चालायला.

वर्ना


१९ एप्रिल

माझ्या पत्राला उत्तर नाही, पण दुकानात फोन करून ऑर्विलला बोलावून घ्यायला तुला सवड मिळाली. मी भाज्यांचे वाफे करत होते. दुकानदाराचा पोरगा हाक मारून गेला आणि हा धावत सुटला, जणू खुद्द येशूनेच फोन केलाय. परत आला तो तोंड उजळलेलं. मला तेव्हाच समजलं.

"डेल्बर्ट म्हणाला, डगमगू नकोस," तो म्हणाला. "म्हणाला, ही तुझी परीक्षा आहे."

"परीक्षा तुझी, आणि निकाल त्याच्या खिशात," मी म्हटलं. "येतोय का तो?"

"ते विचारलं नाही मी."

मग आमचं भांडण झालं. मी त्याला म्हटलं की न्यायाधीशासमोर एवढंच बोल, त्या रविवारी मला फिट आली होती. दुसरं काही नको. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "वर्ना, मी शाळा शिकलो नाही. गिरणीत गेलो, डोकं फोडून घेतलं. माझ्या जन्मात देवाने मला एकदाच हात लावला. एवढी माणसं माझ्यासाठी रडली, मला मिठ्या मारल्या, जे कधी माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत त्यांनी. ते मी फेफरं म्हणून लिहून देऊ?"

त्याला टाकून बोलावं तर जीभ रेटत नाही. आमची लेक टॅमी आपल्या तान्ह्याला त्याच्या हातात देत नाही. नात येते, हा लांबून तिला टाळ्या वाजवून दाखवतो. पोरीचं चुकत नाही. तो कसलीही तक्रार न करता हात मांडीवर ठेवून बसतो. हे तू पाहिलेलं नाहीस, तुझ्या फोनमधून ते दिसत नाही.

तू त्याच्यापाशी धीराचं बोललास असं तुला वाटत असेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तू काडी दाखवून हात मागे घेतलास. तुझं नाव घेतलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

वर्ना


२ मे

सुनावणी सोळा तारखेला, सकाळी, जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर.

माझ्यासाठी येऊ नकोस. मी तुला जेवायला वाढणार नाही, झोपायला खाट देणार नाही. तू तिथे होतास आणि तुला डोळे आहेत, म्हणून ये.

व.


२१ मे

डेल्बर्ट,

तू आलास. हे लिहिताना सुद्धा मला बरं वाटत नाही, पण आलास हे खरं.

तू बाहेर बाकावर बसला होतास तेव्हा आत काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. न्यायाधीश म्हातारा होता, सारखा खोकल्याची गोळी चघळत होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या बाजूला एक नोकऱ्यांचा जाणकार बसवलेला. त्याने कागद चाळून सांगितलं की या गृहस्थांना उंचावर, यंत्राजवळ, आगीजवळ काम नको. पण बसून लाकडी खुंट्या निवडण्याचं काम ते करू शकतील, अशा नोकऱ्या देशात भरपूर आहेत. मी इथे जन्मले, इथेच म्हातारी होते आहे, खुंट्या निवडायला कुणी माणूस ठेवलेला मी पाहिला नाही. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून इतक्या गंभीरपणे सांगत होता की क्षणभर मलाच वाटलं, डोंगरापलीकडे खुंट्यांचे ढीग लागलेत आणि सगळे ऑर्विलची वाट बघत खोळंबलेत.

मग न्यायाधीशाने ऑर्विलला शपथ दिली. त्याने लग्नातला कोट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. मिस होल्ब्रुक नको नको म्हणत होत्या, आजारी माणूस आजारीच दिसू दे म्हणाल्या, पण आपल्याकडे कचेरीत माणूस गबाळा जातो का? न्यायाधीशाने ते दवाखान्याचं पान काढलं. "मिस्टर नेपिअर, तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की तुम्ही बरे झालात. झालात का?"

मी ऑर्विलच्या मानेकडे बघत होते. मग तो म्हणाला, "साहेब, प्रभूने मला बरं केलंय. फक्त ते अजून दिसायला लागलेलं नाही."

टंकलेखन करणारी बाई थांबली आणि तिने मान वर केली. मिस होल्ब्रुकनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. इथून उठायचं, घरी जायचं आणि गोळ्या संपायची वाट बघायची.

तेव्हा त्यांनी तुला आत बोलावलं.

तू काय बोललास ते तुला ठाऊक आहे, पण मी ते लिहिणार आहे, कारण माझ्या कानांवर माझा विश्वास बसलेला नाही. तू प्रार्थनेचा आवाज लावला नाहीस. नेलच्या वेळी आईला सांगायचास तसा बोललास. मान डावीकडे ओढली गेली, मग दात आवळले, मग हातपाय, ओठ निळे. पँट ओली झाली तेव्हा लोकांना दिसू नये म्हणून मी त्याच्यावर माझा कोट टाकला, म्हणालास. शुद्धीवर आला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

न्यायाधीशाने विचारलं, "हे काय आहे ते तुम्ही ओळखलंत?"

"हो साहेब. पहिल्या झटक्याला."

"आणि मंडळीला काय सांगितलंत?"

"सांगितलं की पवित्र आत्मा आहे."

"का?"

तू खाली बघितलंस. मग म्हणालास, "मागच्या बाकावर ओहायोच्या चर्चचे लोक बसले होते. मला बघायला आले होते."

मला वाटत होतं की तू दुबळा आहेस, तुझ्यात धीर नाही, मंडळी बिथरेल म्हणून घाबरलास. एवढं मी तुला मनातल्या मनात माफही केलं होतं. गालिच्यासाठी केलंस, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा नवरा तुझ्या नोकरीच्या मुलाखतीत पडला, आणि तू त्याला वापरलास. मुलीला बघायला पाहुणे यावेत आणि घरच्यांनी दारातलं आजारी माणूस गोधडीखाली झाकावं, तसा तू त्याच्यावर कोट टाकलास.

मी ऑर्विलकडे बघितलं. तो तुझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हसल्यासारखा झाला होता. चारचौघांत कुणी आपली थट्टा केली की तो तसाच हसतो. मग त्याने कोटाची बटणं लावली.

खाली गाड्यांपाशी तू हात पुढे केलास. ऑर्विलने तो हातात घेतला आणि म्हणाला, "लांबून आलास, उपकार झाले, ब्रदर डेल्बर्ट." माणुसकी सोडत नाही तो. मी हात दिला नाही, ते बरंच केलं. तू खरं बोललास. ते मीच तुझ्याकडे मागत होते, दोन महिने दारात बसून मागत होते. आता मिळालं तर घशाखाली उतरत नाही.



वर्ना


८ जुलै

डेल्बर्ट,

भत्ता मंजूर झाला. कागद आला, औषधाचं कार्डही आलं. पास्टरची साक्ष तपशीलवार आणि विश्वासार्ह वाटली, असं न्यायाधीशाने लिहिलंय. विश्वासार्ह. ते वाचून मी परसात गेले आणि तिथे बराच वेळ उभी राहिले.

आता गोळ्यांची चिंता नाही. डॉक्टरने नवी गोळी दिली आहे, ती आधी परवडण्यासारखी नव्हती. दोनदा फिट येऊन गेली, पण हलकी. टॅमी म्हणते, असंच राहिलं तर नाताळपर्यंत बाळ त्याच्या मांडीवर देईन. मी जे मागितलं ते सगळं मिळालं.

पण ऑर्विल चर्चला जात नाही. मी भांडून त्याला घरी ठेवू पाहायचे तेव्हा जायचा, आता मी टोपी आणून हातात देते तरी उठत नाही. इडा मे आली होती. तिला कुठून तरी कळलं, ओहायोपर्यंत कळलं असेल. तिने डब्यात केक आणला होता. म्हणाली, "ब्रदर डेल्बर्टला सैतानाने बोलायला लावलं. आम्ही पाहिलंय ना ते खरं काय ते." ऑर्विल तिला नम्रपणे म्हणाला, "तू बघितलंस ते फेफरं होतं, इडा मे. मी तुझ्या बुटांवर ओला झालो, माफ कर." ती उठून गेली. केक तसाच आहे.

जेवणाआधी तो प्रार्थना म्हणत नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा चमचा आधी उचलला गेला तर तो थांबवायचा मला. आता घेवडा वाढला की सरळ खायला लागतो. गोळी दिली की गोळी घेतो. विचारलं की बरं आहे म्हणतो. कार्ड कपाटात आहे, नवरा खुर्चीत आहे, आणि घरात कुणी नसल्यासारखं वाटतं.

काल ओसरीवर बसलो होतो. अचानक तो म्हणाला, "तो रविवार राहू दे. ते फेफरंच होतं. पण त्याच्या आधीचं? तेल लावून माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा? तेव्हा तर ओहायोचं कुणी नव्हतं. तेव्हा डेल्बर्टला खरंच वाटत होतं का गं, की मी बरा होईन?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"त्याला विचारशील?" तो म्हणाला. "पत्र लिहितेस ना तू त्याला."

म्हणून हे पत्र. मला तुझा चेहरा बघायचा नाही, तुझा आवाज ऐकायचा नाही. कचेरीत तुझ्या तोंडून खरं काढून घ्यायला मी जिवाचं रान केलं आणि मिळाल्यावर त्या खऱ्याने माझ्या घरात काय ठेवलं ते मी बघते आहे. पण ऑर्विलला विचारायचंय, आणि उत्तर माझ्याकडे नाही. तू इकडे ये. दुपारी ये, तेव्हा तो जागा असतो. त्याच्या शेजारी बस आणि सांग, हो, मला वाटत होतं.

वाटत असेल तर उत्तमच. वाटत नसेल तरी तेच सांग, डेल्बर्ट. त्याच्या डोळ्यांत बघून सांग. तुला ते जमतं.

वर्ना